पनवेलच्या वाटेवरची औषधे : हृदयाला आवरणाऱ्या गोळीचा इतिहास

पनवेलचा इतिहास हा मुख्यतः वाटेचा इतिहास आहे. मुंबईहून खाडीने होड्यांतून आलेला माल आणि माणूस येथील बंदरात उतरत असे आणि बोरघाट चढून देशावर जाणारी वाट येथून पुढे सुरू होत असे. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला तेव्हा या पेठेची भरभराट वाढली आणि १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. पुढे १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग कल्याण-कर्जतकडून गेल्यामुळे पेठ काहीशी बाजूला पडली, तरी मुंबई आणि देश यांच्या मधले गाव हे तिचे स्थान पुसले गेले नाही. या वाटेने गेलेल्या मालात औषधही होते. रक्तदाब आणि हृदयशूळ यांवरचा उपचार गेल्या दीडशे वर्षांत कसकसा बदलला हे पाहायला पनवेल ही जागा विशेष सोयीची आहे, कारण वैद्यांचा खल आणि रसायनशास्त्रज्ञांची भट्टी या दोन्ही गोष्टी या परिसरात, काळाच्या थोड्याफार अंतराने, उभ्या राहिल्या.

त्यांपैकी पहिली गोष्ट १८७२ सालची आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी त्या वर्षी पनवेल येथे आयुर्वेदीय औषधे तयार करण्याचा कारखाना सुरू केला आणि राजापूरजवळच्या प्रसिद्ध शिवस्थानाचे धूतपापेश्वर हे नाव तो कारखाना आजवर मिरवतो आहे. तोवर वैद्याने रोग्याला पाहावे, त्याच्यापुरते औषध घरी कुटावे, घोटावे किंवा उकळावे आणि कशाबरोबर घ्यायचे ते तोंडी सांगून हाती द्यावे अशी रीत होती. कारखान्याने ही रीत बदलली. एकाच वेळी पुष्कळ रोग्यांसाठी तयार झालेले आसव किंवा वटी बाटलीत, डबीत बसून ज्या गावी तो वैद्य कधी गेला नव्हता तेथे पोहोचू लागली. औषध दूर गेले हा लाभ मोठा होता. परंतु औषधासोबत सांगणारा माणूस मात्र तितका दूर जाऊ शकत नव्हता, आणि पुढच्या साऱ्या इतिहासात ही उणीव वेगवेगळ्या रूपांनी समोर येत राहिली. वैद्यकाच्या संघटित जीवनातही पनवेलचे स्थान लहान नव्हते. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या अखिल भारतीय वैद्य संमेलनाचे पहिले अधिवेशन १९०७ साली नाशिकला भरले आणि दुसरे १९०८ साली पनवेलला.

त्या काळच्या वैद्यांना हृदयाचे विकार अपरिचित नव्हते. चरकसंहितेत हृद्रोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत, सुश्रुतसंहितेत हृच्छूल म्हणजे हृदयातील शूळ वर्णिला आहे, आणि अर्जुनसादड्याची साल हृदयासाठी वापरण्याची परंपरा जुनी आहे. पाश्चात्त्य वैद्यकात याच वेदनेचे नेमके वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्लिश वैद्याने केले आणि ते १७७२ साली छापले गेले: चालताना, विशेषतः चढ चढताना किंवा जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखी कळ येते आणि थांबले की ती ओसरते. या विकाराला अंजायना म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी स्नायूची गरज पुरवठ्यापेक्षा जास्त होते आणि ती तूट वेदनेच्या रूपाने जाणवते. रक्तदाबाची गोष्ट मात्र निराळी आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, दिसत नाही आणि नाडीवरून खात्रीने ओळखता येत नाही. दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याचे साधन रिवा-रोची या इटालियन वैद्याने १८९६ साली पुढे आणले आणि पट्ट्याखाली धमनीचे आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे घेण्याची पद्धत कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने १९०५ साली सांगितली. जो रोग आकड्यावाचून कळत नाही त्याचे नाव आकड्याच्या आधी असणे शक्य नव्हते. म्हणून उच्च रक्तदाब हा शब्दही आकड्याच्या मागून आला.

मोजता येऊ लागलेल्या या रोगावर पहिले मोठे भारतीय उत्तर सर्पगंधेच्या मुळीने दिले. उन्माद आणि अनिद्रा यांवर ही मुळी देशात पूर्वापार वापरली जात होती. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरील परिणाम नोंदवला आणि त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातून शुद्ध द्रव्ये वेगळी केली. परंतु जगाचे लक्ष वेधले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ सालच्या निबंधाने, ज्यात उच्च रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील अनुभव आकड्यांनिशी मांडला होता आणि जो ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी या मुळीतून रेसर्पीन हे द्रव्य काढले आणि १९५७ साली वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. या यशाला एक काळी किनारही होती. रेसर्पीन मोठ्या मात्रेने आणि दीर्घकाळ घेणाऱ्या काही रोग्यांत खोल उदासीनता दिसू लागली, तेव्हा मात्रा कमी ठेवण्याचा आणि मनःस्थितीवर लक्ष ठेवण्याचा नियम घातला गेला. झाडाच्या मुळीतून आले म्हणून औषध निरुपद्रवी ठरत नाही, हे वैद्यकाला येथे अनुभवाने कळले. ही गोष्ट आजही सांगावी लागते, याचे वाईट वाटते.

हृदयाला आवरणारी गोळी म्हणजे बीटा-ब्लॉकर. या औषधवर्गाचा उगम अमेरिकेतील रेमंड अलक्विस्ट यांच्या १९४८ सालच्या निबंधात आहे. भीती, राग किंवा श्रम यांच्या वेळी शरीरात अ‍ॅड्रेनलीनसारखी द्रव्ये स्रवतात आणि पेशींवरील ठरावीक जागांवर बसून परिणाम घडवतात. या जागांना ग्राही म्हणतात. अलक्विस्ट यांनी असे दाखवले की हे ग्राही एकाच प्रकारचे नसून दोन प्रकारचे आहेत, आणि त्यांना त्यांनी अल्फा व बीटा अशी नावे दिली. अल्फा ग्राही मुख्यतः रक्तवाहिन्या आवळतात, तर बीटा ग्राही हृदयाचे ठोके वाढवतात, त्याचा जोर वाढवतात आणि श्वासनलिका मोकळ्या ठेवतात. हा विचार कित्येक वर्षे फारसा कोणी मनावर घेतला नाही. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी तो घेतला. अंजायनावर तोवरचे उपचार हृदयाला रक्ताचा पुरवठा वाढवण्याच्या कल्पनेवर उभे होते. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला आणि हृदयाची गरजच कमी करता येईल का हे शोधायला घेतले. इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज म्हणजे आयसीआय या ब्रिटिश कंपनीत त्यांच्या गटाने तयार केलेले प्रोनेथॅलॉल हे पहिले द्रव्य उंदरांत गाठी उत्पन्न करते असे आढळल्याने मागे पडले आणि त्याच्या जागी १९६४ साली प्रोप्रॅनोलॉल पुढे आले. या कामासाठी ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या गोळीचे कार्य पंगतीच्या उपमेने समजावता येईल. ग्राही हा मांडलेला पाट आणि अ‍ॅड्रेनलीन हा यायचा पाहुणा असे मानले, तर बीटा-ब्लॉकर हा त्या पाटावर आधीच येऊन बसलेला, परंतु काही न मागणारा माणूस आहे. पाहुणा येतो, जागा नाही असे पाहून परततो, आणि हृदय शांतपणे आपले काम करीत राहते. ठोके मंदावतात, प्रत्येक ठोक्याचा जोर थोडा उतरतो आणि त्याच जिन्यावर पूर्वी येणारी कळ येत नाही. ही गोळी रक्तदाबही उतरवते हे मात्र कोणी ठरवून शोधले नाही. अंजायनासाठी औषध घेणाऱ्यांचा रक्तदाब काही आठवड्यांनी हळूहळू खाली येतो, हे लंडनचे ब्रायन प्रिचर्ड यांनी १९६४ साली नोंदवले, आणि आरंभी अनेकांना ते पटले नाही.

भारतात ही गोळी स्वस्त झाली ती कायद्यामुळे. १९११ सालचा ब्रिटिशकालीन पेटंट कायदा औषधाच्या द्रव्यावरच मक्तेदारी देत असे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ सालच्या अहवालानंतर प्रदीर्घ वाद होऊन १९७० चा नवा पेटंट कायदा झाला आणि तो २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. त्यानुसार औषधावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या रीतीवरच, आणि तीही थोड्या वर्षांपुरती, मक्तेदारी मिळू लागली. म्हणजे तेच द्रव्य वेगळ्या रीतीने तयार करण्यास भारतीय कारखान्यांना वाट मिळाली. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला या कंपनीने प्रोप्रॅनोलॉल भारतात तयार करून विकायला काढले तेव्हा आयसीआयने सरकारकडे तक्रार केली आणि तो वाद इंदिरा गांधींपर्यंत गेला, अशी हकिगत त्यांचे पुत्र युसुफ हमीद यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. हेबर्डनचे वर्णन १७७२ चे, पुराणिकांचा कारखाना १८७२ चा आणि हा कायदा अमलात आला १९७२ साली. शंभर-शंभर वर्षांचा हा योग निव्वळ योगायोग आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो लक्षात ठेवायला सोपा जातो.

नेमक्या याच दशकांत पनवेलचा परिसर बदलत होता. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी उपक्रमाचा कारखाना पनवेलजवळ पाताळगंगेच्या काठी उभा राहिला आणि त्या वसाहतीला रसायनी हे नावच पडले. रंग, औषधे आणि इतर उद्योगांना लागणारी मधली रसायने देशातच तयार करावीत हा त्यामागचा हेतू होता, कारण मूळ रसायन परदेशातून येत असेल तर गोळी येथे वळली तरी किल्ली परक्याच्याच हाती राहते. पुढे तळोजे आणि पाताळगंगा येथे औद्योगिक वसाहती झाल्या. पाताळगंगेला सिप्लानेही कारखाना काढला. खाडीच्या बंदराचे गाव अशा रीतीने औषधाच्या कारखान्यांच्या शेजारी येऊन बसले. या उद्योगांनी नद्यांचे आणि खाडीचे जे नुकसान केले त्याचा हिशेब स्वतंत्र लिहायला हवा. तो येथे नुसता उल्लेखून सोडणे बरोबर नाही, पण या लेखाची मर्यादा ती आहे.

औषध हाती आले, स्वस्त झाले, आणि मग ते कसे घ्यावे याचे धडे एकेक करून मिळाले. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा धडा थांबवण्याविषयीचा आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी डॉक्टरांनी असे नोंदवले की अंजायनाच्या काही रोग्यांत प्रोप्रॅनोलॉल एकाएकी बंद केल्यावर वेदना पूर्वीपेक्षा तीव्र होऊन परतली, काहींना हृदयविकाराचा झटका आला आणि मृत्यूही घडले. याचे एक कारण पंगतीच्याच उपमेने सांगता येते. पाट सतत अडलेले पाहून शरीर कालांतराने आणखी पाट मांडते, म्हणजे ग्राहींची संख्या वाढवते. गोळी एकदम थांबली की सारे पाट एकाच वेळी मोकळे होतात आणि अ‍ॅड्रेनलीनला पूर्वीपेक्षा जास्त जागा मिळतात. म्हणून ही गोळी बंद करायचीच असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक-दोन आठवड्यांत किंवा त्याहून सावकाश मात्रा उतरवत बंद करावी, आणि त्या दिवसांत जास्त श्रम टाळावेत, असा नियम झाला. एखादी मात्रा चुकली तर आठवताच घ्यावी, पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, आणि दोन मात्रा एकत्र कधीही घेऊ नयेत. ताप आला की गोळ्या घ्यायच्या आणि उतरला की थांबवायच्या, ही सवय आपल्याकडे घराघरांत आहे. रक्तदाबाचा आकडा नीट आला म्हणून गोळी सोडणारा रोगी त्याच सवयीने वागतो, पण तो आकडा गोळीमुळेच नीट आलेला असतो.

दुसरा धडा श्वासाचा होता. प्रोप्रॅनोलॉल हृदयातील आणि श्वासनलिकांतील बीटा ग्राहींत भेद करीत नाही, त्यामुळे दम्याच्या रोग्यात ते श्वासनलिका आवळून जीवघेणा प्रसंग आणू शकते. हृदयावरच अधिक परिणाम करणारी द्रव्ये शोधताना आयसीआयनेच १९७० च्या सुमारास प्रॅक्टोलॉल बाजारात आणले. परंतु ते दीर्घकाळ घेणाऱ्या काहींचे डोळे कोरडे पडून दृष्टी अधू झाली, त्वचेवर चट्टे उठले, पोटातील आवरण जाड झाले, आणि काही वर्षांतच ते नेहमीच्या वापरातून काढून घ्यावे लागले. त्यानंतर १९७० च्या दशकातच आलेली अ‍ॅटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल ही औषधे आज भारतात सर्वपरिचित आहेत. ती हृदयाकडे अधिक झुकलेली असली तरी तो झुकाव पूर्ण नाही, म्हणून दमा असल्याचे डॉक्टरांना सांगणे आजही तितकेच आवश्यक आहे.

इतर सावधगिऱ्या थोडक्यात सांगता येतात, पण त्या हलक्या नाहीत. मधुमेहात साखर एकदम खाली गेली की छाती धडधडते आणि हात थरथरतात. बीटा-ब्लॉकरमुळे ही चिन्हे झाकली जातात, घाम मात्र सुटतो, तेव्हा इन्सुलिन घेणाऱ्याने घामाकडे लक्ष द्यावे. नाडी आधीच फार मंद असेल किंवा हृदयातील विद्युत्संदेश अडत असतील तर ही गोळी चालत नाही, आणि व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम या हृदयाच्या दुसऱ्या औषधांबरोबर ती दिली तर ठोके धोकादायक मंदावू शकतात. सांधेदुखीच्या अनेक गोळ्या तिचा रक्तदाबावरील परिणाम कमी करतात. अ‍ॅटेनोलॉल मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड अशक्त असलेल्यांची मात्रा वेगळी ठरवावी लागते. दिवसभर हळूहळू विरघळणारी मेटोप्रोलॉलची गोळी चावून किंवा कुटून घेऊ नये, कारण दिवसाची मात्रा मग एकदम अंगावर येते. चक्कर येणे, थकवा आणि हातपाय गार पडणे हे त्रास आरंभी होतात आणि बहुधा कमी होतात. कमी झाले नाहीत तर सांगावे, सोडून देऊ नये. अर्जुनारिष्ट, सर्पगंधा किंवा दुसरे आयुर्वेदीय औषध घेणाऱ्याने तेही डॉक्टरांना आणि वैद्यांना दोघांनाही सांगावे, कारण सर्पगंधेतील रेसर्पीन आणि बीटा-ब्लॉकर यांचा एकत्र परिणाम नाडी आणि रक्तदाब दोन्ही फार खाली नेऊ शकतो.

अलक्विस्ट यांच्या अल्फा-बीटा विभागणीला पनवेलच्या रायगड जिल्ह्यातच एक वेगळे आणि मोठे प्रत्यंतर मिळाले, ते येथे नोंदवले पाहिजे. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू जवळून पाहिले. या विषाने अ‍ॅड्रेनलीनसारखी द्रव्ये एकदम उसळतात, रक्तदाब चढतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. येथे केवळ बीटा ग्राही अडवले तर अल्फा ग्राहींचा आवळ मोकाट राहतो, म्हणून ते टाळावे लागते. बावस्कर यांनी अल्फा ग्राही अडवणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचेच औषध वापरले आणि १९८६ साली लान्सेट या नियतकालिकात त्याची हकिगत प्रसिद्ध केली. त्या उपचाराने कोकणात असंख्य प्राण वाचले. प्रयोगशाळेत केलेली एक विभागणी तालुक्याच्या दवाखान्यात मध्यरात्री कामी आली, याहून मोठे प्रमाण त्या सिद्धांताला मिळाले नसावे.

औषधांचे स्थान कायमचे ठरलेले नसते. हृदय अशक्त झालेल्या रोग्याला बीटा-ब्लॉकर देणे एकेकाळी निषिद्ध मानले जाई. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९७५ पासून झालेल्या कामाने आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी हा समज उलटवला आणि अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून ती सावकाश वाढवली तर अशा रोग्यांचे आयुष्य वाढते हे सिद्ध झाले. याउलट, दुसरा कोणताही विकार नसलेल्या उच्च रक्तदाबात अ‍ॅटेनोलॉल पक्षाघात टाळण्यात इतर औषधांइतके प्रभावी नाही असे दिसून आल्याने २००६ साली ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी बीटा-ब्लॉकरना पहिल्या पसंतीतून खाली उतरवले. भारतात २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्राचा समावेश होता, आणि त्यातही आरंभीची औषधे दुसऱ्या वर्गांतली आहेत. अंजायना, झटक्यानंतरचा काळ, अनियमित ठोके आणि अशक्त हृदय या ठिकाणी मात्र बीटा-ब्लॉकरची गरज कायम आहे. म्हणून शेजाऱ्याला जी रक्तदाबाची गोळी चालते ती आपल्यालाही चालेल, किंवा आपली जुनी झाली म्हणून टाकून द्यावी, असे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरतात.

कायद्याने ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही. १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची एचमध्ये ती मोडते. चिठ्ठी दाखवणे ही दुकानदाराची अडवणूक नसून, वैद्य औषधासोबत जे तोंडी सांगत असे त्याची कागदावरची उरलेली खूण आहे.

मुंबई-गोवा महामार्ग पनवेलहून सुरू होतो आणि भाद्रपदात गणपतीसाठी गावी निघालेली हजारो कुटुंबे येथूनच कोकणात उतरतात. घाईत कपडे, फराळ आणि आरास यांबरोबर आईवडिलांच्या गोळ्या घरीच राहण्याची भीती याच आठवड्यात सर्वांत जास्त असते. निघण्यापूर्वी गोळ्या मोजाव्यात, जितके दिवस राहायचे त्याहून चार-पाच दिवसांच्या जास्त घ्याव्यात, त्या सामानात न ठेवता हाताशी असलेल्या पिशवीत ठेवाव्यात आणि चिठ्ठीची एक प्रत सोबत असू द्यावी, एवढी विनंती वाचकांना आहे.